उंच्याला मागे घेतलं तो सामना

छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या मास्तरांनी कामगारांचा फुटबॉल संघ उभा केला होता. अंतिम सामन्यात संघ एका गोलने पुढे होता. शेवटची वीस मिनिटं उरली, तेव्हा त्यांनी गोल करणाऱ्या उंच्याला बचावासाठी मागे बोलावलं. समोरच्यांना रान मोकळं मिळालं आणि त्यांनी दोन गोल चढवले.

पुढे छापखाना बंद पडला, मास्तरांचे केस पिकले, पण तो सामना काही संपेना. जेवताना ते पेले आणि वाट्या मांडून चाली दाखवत. बायको म्हणे, "अहो, तुमचा संघ जरा बाजूला घ्या, मला ताट ठेवायचंय."

एका दुपारी उंच्या काठी टेकत दारात आला. चहा घेताना म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी माझा गुडघा मध्यंतराआधीच गेला होता. तुम्ही बाहेर काढाल म्हणून बोललो नाही. पुढे ठेवलं असतंत, तरी माझ्याच्यानं धाववलं नसतं."

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग चष्मा पुसत म्हणाले, "गाढवा, तेव्हाच सांगितलं असतंस तर राखीव खेळाडूंतल्या डावखुऱ्याला उतरवलं असतं!"

"तो? त्यानं तर चेंडू आपल्याच गोलात मारला असता!"

दिवेलागणीपर्यंत दोघांचा वाद चालूच होता.