पाट्यावरचं पुरण

बाळांनो,

मागच्या आठवड्यात तुमच्यातल्या धाकटीचं पत्र आलं. दिवाळीला घरी यायचं म्हटलं की तिला फराळाच्या ताटाची धास्ती वाटते म्हणे. चार दिवस खायचं आणि पुढे चार महिने हळहळायचं, त्यापेक्षा न आलेलं बरं, असं तिने लिहिलं आहे. फोनवर मला याचं उत्तर देता आलं नसतं. फोनवर मी फक्त "तब्येत सांभाळ" एवढंच म्हणते. म्हणून लिहायला बसले. उपदेश करणार नाही. एका जेवणाची हकिकत आहे, ती क्रमाने सांगते.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. अकोल्याला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते आणि सणासाठी गावी आले होते. आमचं गाव रिसोडच्या अलीकडे, नदीकाठी. वाटण्या झाल्यावर काकांचं कुटुंब रिसोडला राहायला गेलं होतं. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, ज्यांना तुमच्या आईच्या माहेरी गौरी म्हणतात, तोवर काकूच बसवत आली होती, कारण ती थोरली. त्या वर्षी आजोबा म्हणाले, देवी मूळ घरात असाव्यात, यंदा धाकटीने बसवाव्यात. तिला नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत थोरलीकडे जातील. धाकटी म्हणजे माझी आई. तिला हे मनापासून हवं होतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मोठ्या सणाला तिने फक्त हाताखालचं काम केलं होतं.

आमच्याकडचे नियम कडक होते. महालक्ष्म्यांच्या जेवणाचं अन्न घराच्या आवाराबाहेर जात नसे आणि भावकीबाहेरच्या कुणाला देत नसत. शेतावरच्या गड्यांनाही त्या दिवशी कोरडा शिधा मिळे. मी याचं समर्थन करत नाही, होतं ते सांगते. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी सकाळी परसात खड्डा करून पुरत. आणि फार उरलं तर देवी त्या घरातून उपाशी उठल्या, असं बायका म्हणत.

आईने सोळा माणसांचा स्वयंपाक केला. आम्ही पाच आणि काकांकडचे अकरा. पुरणपोळ्या, कढी, वडे, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, ज्वारीची आंबील. पुरण पाट्यावर वाटायचं काम आईचं, पाटा धुऊन ठेवायचं माझं.

आमच्याकडे पाऊस नव्हताच. वर कुठेतरी झाला असावा, कारण दुपारच्या आत नदी काठोकाठ भरली. काकांची बैलगाडी पलीकडे येऊन थांबली. वडील आणि मी काठावर गेलो. हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात काही पोचलं नाही. काकू गाडीतून उतरून डोक्यावरचा पदर धरून उभी होती. ती त्या बाजूला, आम्ही या बाजूला. तासभर कुणालाच काही करता आलं नाही. मग गाडी वळली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आई पोळ्यांच्या टोपलीकडे पाहत राहिली. नंतर हळूच म्हणाली, "इतकं उरलं त जाऊबाई काय म्हनतीन?"

नैवेद्य झाला आणि आम्ही बसलो. आजोबा, वडील, पाच वर्षांचा भाऊ, मी, आणि आम्हाला वाढून शेवटी आई. शाळेतल्या आरोग्याच्या पुस्तकात मी वाचलं होतं की घास बत्तीस वेळा चावावा आणि थोडी भूक ठेवून उठावं. मी मनात मोजत चावत होते. आजोबांनी ते ओळखलं. काय मोजून राह्यली, असं त्यांनी विचारलं. मी पुस्तकातलं सांगितलं. त्यांना दात चारच उरले होते. चार दातवाल्यानं किती डाव चावाचं ते लिहिलं असंल त सांग, म्हणाले, आणि दुधात कुस्करायला आणखी एक पोळी मागून घेतली. त्या दिवशी आनंदाने जेवले ते एकटे आजोबाच. आम्ही बाकीचे आईसाठी जेवत होतो. एरवी ती वाढताना माणसाच्या तोंडाकडे पाही. त्या दिवशी ती टोपलीकडे पाहत होती.

दुसऱ्या पोळीनंतर मी मोजणं सोडलं. तिसरीनंतर चव गेली. चौथी मी खाल्ली, कारण ती वाढून आई उरलेल्या पोळ्या मोजू लागली. वडिलांनी धोतराची गाठ सैल केली. भाऊ पानावरच पेंगला. टोपली अर्धीही झाली नव्हती. तिसऱ्या प्रहरी आई पुन्हा पानं मांडू लागली तेव्हा मी परसात जाऊन ओकले आणि मग संध्याकाळपर्यंत पडून राहिले. पाटा धुवायचा राहिला. नेमून दिलेलं काम माझ्या हातून राहिल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

सकाळी वडिलांनी परसात खड्डा खणला. आईने पोळ्या त्यात टाकल्या नाहीत, एकावर एक नीट ठेवल्या. कढी, भाजी, आंबील सगळं त्यावर ओतलं, माती ओढली आणि लगेच भांडी घासायला घेतली. काकूच्या नजरेला काही पडू नये, याची तिला घाई झाली होती.

नदी उतरली होती. तासाभरात काकू दारात आली. गाडी चिखलात रुतली म्हणून शेवटचा रस्ता पायीच आली होती. आईने तांब्या दिला, तर ते पाणी तिने पायांवर घेतलं, प्यायली नाही. आत जाऊन देवींना हळदकुंकू वाहिलं आणि चुलीजवळ येऊन बसली.

"आन वं धाकटे, असंल ते वाढ. काल सकाळपासून पानी बी नाही घेतलं."

जेवणाच्या दिवशी आमच्या घरच्या सुना महालक्ष्म्यांचा प्रसाद तोंडात पडेपर्यंत उपास धरत. नैवेद्य झाल्यावर आईचा उपास सुटला होता. पलीकडच्या काठावर काकूचा सुटला नव्हता, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. घरी परतून तिने मुलांना शेजारी जेवू घातलं आणि स्वतः तशीच राहिली. देवींवर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा होता, पण तो संध्याकाळच्या विसर्जनाशिवाय उतरवत नाहीत. आई उभीच राहिली. वडील परसाकडे पाहू लागले. आजोबांनी मान फिरवली.

"मले एक घास बी नाही ठेवला काय?" काकूने विचारलं. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"उरलेलं पाहून तुमी मले हाससान, असं वाटलं," आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"हासाले बी पोटात काही लागते वं."

मला पाटा आठवला होता, पण सांगायची लाज वाटत होती. सणाच्या घरात न धुतलेला पाटा म्हणजे मोठा गुन्हा. शेवटी म्हटलं, "काकू, काल मी पाटा धुतला नाही."

आईने माझ्याकडे रागाने पाहिलं. काकू मात्र उठून कोपऱ्यात गेली. छिन्नीने टाकी लावलेल्या पाट्याच्या खाचाखाचांत पुरण वाळून बसलं होतं. कडेच्या मुंग्या तिने फुंकून घालवल्या. बोट ओलं करून पाट्यावरून फिरवलं आणि तोंडात घातलं. असं चार-पाच वेळा केलं. मग थोडं आईच्या तळहातावर ठेवलं.

"झालं, जेवली मी," ती म्हणाली, आणि मग प्यायला पाणी मागितलं.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या कुणाकडे बसवायच्या, हा विषय आजोबांनी काढलाच नाही. त्या आमच्याकडेच राहिल्या आणि काकू दरवर्षी दोन दिवस आधी राहायला येऊ लागली. नदी भरली तर, म्हणायची.

मी त्या दिवशी जास्त खाल्लं, यात शंका नाही. पण पुस्तकात सांगितल्याप्रमाणे थोडी भूक ठेवून उठले असते, तर पाटा त्याच दुपारी घासून उन्हात ठेवला असता. यातून काय शिकायचं ते मला या वयातही ठरवता आलेलं नाही, म्हणून तुमच्या धाकटीला काही सांगता येत नाही.

आजोबा, वडील, आई, काकू, कुणी राहिलं नाही. गावचं घर विकलं. पाटा माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि दिवाळीला पुरण त्याच्यावरच वाटलं जातं.