वहिनींचे बिघडलेले फर्मे

आमच्या शेजारच्या बाइंडरवहिनी कुणाच्या बापाला भीत नाहीत. कागद कापायच्या यंत्राने एकदा त्यांचं बोट कापलं, तर आधी कागदावर रक्त उडालं का ते पाहिलं बाईंनी. त्यामुळे शुक्रवारी सकाळी त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने माझ्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. एरवी घर पेटलं तरी ठेवत नाही.

"भाऊजी, कमी होतायत!"

"कोण? मी तर वाढतोच आहे."

"चेष्टा नको हो. टक्के कमी होतायत."

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा, जाऊन दोन वर्षं झाली. हा माणूस फोटो काढू द्यायचा नाही. "तोंड काय बघायचंय, हात बघा," म्हणायचा. शेवटच्या वर्षी मात्र त्यांनी हाताने पुस्तक बांधायचं सगळं काम, बोलत बोलत, बेचाळीस व्हिडिओंत उतरवलं आणि गावोगावच्या पाच बाइंडर मित्रांना टॉरेंटने दिलं. टॉरेंटची गंमत अशी, की फाइल एका दुकानातून येत नाही. ज्याच्या संगणकावर ती असेल त्याच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी येते. यंदा वहिनींची डिस्क जळाली. मित्रांपैकी चौघांचे संगणक केव्हाच भंगारात गेलेले. उरले एकटे खळमामा, आणि वहिनी नवी डिस्क घालून त्यांच्याकडूनच सगळं पुन्हा उतरवून घेत होत्या. बोटांना कायम खळ चिकटलेली, म्हणून हे नाव. आणि त्यांच्या डिस्कमधून आता टकटक ऐकू येत होती. दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, एक-दोन दिवसांची सोबती आहे. पेन ड्राइव्हवर उतरवणं मामांना जमेना, आणि संगणकाला हात लावायलाही ते भीत होते.

म्हणजे दादांचा आवाज जगात एकाच जागी उरला होता, आणि ती जागा टकटकत होती.

मी वहिनींकडे गेलो. संगणक बंद.

"बंद का केलात?"

"सत्त्याण्णव झाले होते. मग 'तुकडा खराब' असं यायला लागलं. पुन्हा तपासायला लावलं तर त्र्याण्णव! मामांची डिस्क मरतेय, भाऊजी. जीर्ण वहीतून पान ओढावं तसं मी ओढतेय. ओढलं की फाटतंय."

मला एक विनोद सुचला होता, तो गिळला.

"खराब तुकडे कुठले, ते पाहिलंत?"

"लिहून ठेवलेत," त्या म्हणाल्या. बाइंडरच त्या. पुस्तकाचा एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेला छापील कागद, शिवण्याआधी खूण बघून तपासायचा आणि खराब निघाला तर नंबर वहीत टिपायचा, ही दादांची शिस्त. त्यांनी वही उघडली. वाचता वाचता बोट थांबलं.

"अगं बाई."

"काय?"

"काल एकशे अठरा खराब होता. आज तो नीट आलाय. आज सत्त्याहत्तर खराब, तो काल चांगला होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रोज तोच फर्मा खराब निघाला तर दोष छापखान्याचा. रोज वेगळा निघाला, तर आपल्या टेबलावर काहीतरी सांडलंय. हे असंच म्हणायचे."

आता पांढरं पडायची पाळी माझी होती. त्यांच्या टेबलावर सांडणारा मीच! मागच्या महिन्यात माझ्या जुन्या संगणकातली मेमरीची पट्टी मी त्यांच्या संगणकात खोचली होती. "आता बघा कसा धावतो," असंही वर म्हणालो होतो. मामांकडून धडधाकट निघालेला तुकडा त्या पट्टीत शिरून वाकडा होत होता.

कबुली दिली. बाहेर उभी असलेली आमची ही म्हणाली, "फुकटची वस्तू, वर फुकटचा सल्ला. दोन्ही आमच्याच घरचं."

पट्टी उपटली. वहिनींनी मामांना फोन लावला. "मामा, टकटक आहे ना?"

"आहे गं. थांबली की माझीच छाती थांबेल."

पुन्हा तपासणी. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. खराब ठरलेले कितीतरी तुकडे मुळात खराब नव्हतेच. उरलेले मुंगीच्या पावलांनी येऊ लागले. दुपारी नव्व्याण्णववर गाडं अडलं आणि वीस मिनिटं हललं नाही. वहिनींनी पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं, की त्याच्या चुण्या संध्याकाळीही मोडल्या नव्हत्या. मी चहासुद्धा मागितला नाही, यावरून काय ते समजा.

मग शंभर.

"उघडा ना, वहिनी."

"उघडलं आणि आवाजच नसला तर?"

शेवटी माउस मीच दाबला. पडद्यावर दोन हात आले, दाभण धरलेले. "दोरा ओढू नका फार," दादा म्हणाले, "कागदाला दुखतं."

वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात फोन वाजला. मामांचा आवाज फाटला होता. "पोरी, थांबली गं टकटक. गेलं माझ्याकडचं सगळं."

वहिनींनी नाक पुसलं. "जाऊ दे, मामा. नवी डिस्क आणा. आता तुम्ही माझ्याकडून घ्या."

संगणक तेव्हापासून बंद झालेला नाही. मला मात्र त्याच्यापासून दोन हात लांब बसवतात.