जुन्या मशीनची हजेरी

आमच्या तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाई खुर्चीवर मांडी घालून बसतात आणि कुणालाही कीबोर्डला हात लावू देत नाहीत. मी शेजारच्याच टेबलावर बसतो, पण मलाही नाही. याचा मला रागच येतो.

खोल्यांच्या तापमानावर नजर ठेवणारा त्यांचा प्रोग्राम ‘आर’ नावाच्या भाषेत आहे आणि तो युनिक्सछाप प्रणालीच्या एका जुन्या मशीनवर चालतो. परवा जुना आर बिघडला आणि प्रोग्राम बंद पडला. पुण्याहून आलेला, कॉम्प्युटर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, “या मशीनसाठी नवीन आर तयार मिळत नाही. भंगारात घाला.” मालकही मान डोलवायला लागले.

बाईंनी आरचा सोर्स कोड, म्हणजे त्याचं मूळ लिखाण, इंटरनेटवरून उतरवला आणि त्यातून त्याच मशीनवर ती भाषा बांधायला घेतली. बांधणीआधी मशीन स्वतःला तपासतं, काय आहे आणि काय नाही. पडद्यावर उत्तरं इंग्रजीत सरकतात, बाई मात्र ती हजेरी घेतल्यासारखी मोठ्यानं वाचतात. “हाय. हाय. न्हाई. हाय.”

मधेच तपासणी अडली. पडद्यावर आलेखांच्या खिडक्या उघडायची सोय मशीनमध्ये नव्हतीच. कंपनीचा माणूस हसला.

“बेदाण्याला कशाला लागत्यात खिडक्या?” असं म्हणत बाईंनी मशीनला तो भाग वगळायला सांगितलं आणि हजेरी पहिल्यापासून सुरू केली.

चहा गार झाला. बांधणी पुरी झाली आणि खोल्यांचं तापमान पडद्यावर परत दिसायला लागलं.

“उद्या बिघडलं तर आमची कंपनी येणार नाही. मग कोण आहे तुम्हाला?” तो म्हणाला.

बाईंनी मांडीसुद्धा मोडली नाही.

“मी हाय की.”