मरणापुरता अधिकार

"अरे, फादरला बोलवा रे, मी चालले!" शेजारची म्हातारी अशी ओरडली की पार दहिसरपर्यंतचे कावळे उडाले. बोरिवलीचे फादर नेमके होडीने गोराईला गेलेले. घरात फक्त तिचा मुलगा, पाद्रीपण सोडून रेडिओ दुरुस्त करणारा. सोडलं त्या दिवसापासून म्हातारीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. माणूस इतका भिडस्त की गिऱ्हाइकाच्या रेडिओची पाठ उघडतानाही "परवानगी आहे ना?" विचारायचा.

"तूच घे की तिचं कन्फेशन!" मी म्हटलं.

"माझा अधिकार चर्चने काढून घेतलाय रे. फक्त समोरचा मरत असेल, तर तेवढ्यापुरता कायदा तो परत देतो."

मग हात धुऊन तो आईजवळ बसला. तिने पापं सांगितली, त्याने क्षमा दिली. बाहेर आला तेव्हा वीतभर उंच झाला होता, शप्पथ!

आणि म्हातारी जगली. शनिवारी पेज पिऊन तिने स्वतःच्याच पोराला हाक मारली, "फादर, या. कन्फेशन घ्या."

तो दारातच थांबला.

"आये, तू बरी झालीस. आता मला अधिकार नाही."