चिंगी लोणावळा बघायला आली

मंगल अठरा वर्षं लोणावळ्यात राहते, पण लोणावळ्यात बघण्यासारखं काय आहे असं तिला विचाराल तर ती तुमच्याच तोंडाकडं बघत बसेल. जाणार कधी बाई? शनिवार-रविवार सगळी दुनिया पॉइंटवर फिरते, तेव्हा ही वलवणच्या बंगल्यात पाहुण्यांच्या चादरी बदलते. सोमवारी त्याच चादरी धुते. त्यामुळं "मंगळवारी येते गं, तुजं लोणावळं दाव मला," असा चिंगीचा फोन आला तेव्हा मंगल हरखली खरी, पण दाखवायचं काय, हा प्रश्नही पडला.

चिंगी तिची आश्रमशाळेतली मैत्रीण. दोघी एकाच ठाकरवाडीच्या, एका पांघरुणात झोपलेल्या. पुढं चिंगी लग्न होऊन जुन्नरकडं गेली, तिकडं अंगणवाडीत मदतनीस झाली. मंगलचा नवरा वारला आणि ती या बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायला आली. बावीस वर्षं गाठ नाही. फोन मात्र चालू. आणि खोटं कशाला बोला, फोनवर मंगल जरा फुगवूनच सांगायची. "आमच्या स्विमिंगचं पानी निळंशार हाय. आमच्या हॉलमदी झुंबर हाय." आमच्या म्हणे! त्या हॉलमध्ये ही फडक्याशिवाय कधी शिरली नव्हती.

चिंगी आली ती नवीकोरी पोपटी साडी नेसून, वरईची पिशवी घेऊन. स्टेशनावरच दोघी गळ्यात पडून रडल्या, मग हसल्या. बाजारात चिक्कीवाल्यानं चवीला तुकडे दिले, ते खाल्ले. रिक्षानं वलवण धरणापाशी गेल्या, तर आत सोडेनात. तारेच्या कुंपणातून भिंत बघितली.

"आगं, तुज्या गावात समदं भायरूनच बघायचं व्हय?" चिंगी हसून म्हणाली.

चेष्टेत म्हणाली, पण मंगलला ते लागलं. "चल, बंगला दावते," ती म्हणाली. तिथंच चुकली.

बंगल्यात बाहेरचं माणूस आणायचं नाही, हा मुंबईच्या मालकीण मॅडमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. मागल्या साली शेजारच्या बंगल्यातल्या कामवाल्या बबितानं बहिणीला टीव्ही बघायला आत बसवलं, तर चौथ्या दिवशी तिची पेटी रस्त्यावर. टेम्पोत ती पेटी चढवायला मंगलनंच हात लावला होता. आणि हिची खोली गेली तर ही जाणार कुठं? वाडीवरचं घर कधीच बसलं. मुलगा सनी तळेगावला कंपनीत, एका खोलीत पाच पोरांबरोबर राहतो. हे सगळं तिला ठाऊक होतं हो. पण मंगळवारी मुंबईहून कॅमेऱ्यात कोण बघतंय, असं तिनं मनाशी म्हटलं.

चिंगीनं चपला दारात काढल्या, पाय पुसले, झुंबराकडं मान वर करून बघितलं. "बाई गं!" म्हणाली, आणि सोफ्याच्या अगदी कडेला टेकली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातून मॅडमचा आवाज आला. "मंगल, ती कोण बसलीय?"

मंगल झटकन कॅमेऱ्याकडं वळली. विचार करायला सवड कुठली! "कामाची बाई हाय मॅडम. झाडायला बोलावली."

"मग सोफ्यावर काय करतेय?"

"दमली जरा. उठती लगीच. ए, ऊठ गं."

चिंगीनं तिच्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही. मग उठली, पोपटी साडीचा पदर कमरेला खोचला, दारामागचा झाडू घेतला आणि वाकली. सगळा हॉल झाडला तिनं, सोफे सरकवून सरकवून. मंगल सुपली धरून मागं मागं. कॅमेऱ्याचा लाल दिवा काही विझेना. शेवटी मंगलच मोठ्यानं म्हणाली, "त्यो कोपरा ऱ्हायला बघ." असं म्हणवलं तरी कसं तिला! पण म्हणाली. चिंगीनं कोपरा काढला.

नंतर मागच्या खोलीत पिठलं-भात झाला. चिंगी जेवली. भांडून उपाशी गेली असती तर मंगलला बरं वाटलं असतं. पण ती नीट जेवली, ताट धुऊन ठेवलं, सनीची चौकशी केली. झुंबराचं नावही काढलं नाही.

स्टेशनावर मंगलनं तिचा हात धरला. "चिंगे, चुकलं गं माजं."

"आसू दे. खोलीचा परश्न हाय तुजा," चिंगी म्हणाली. हात सोडवून घेतला आणि पुण्याच्या गाडीत चढली. खिडकीशी जागा होती, तरी पलीकडं जाऊन बसली.

दिवेलागणीला मॅडमचा फोन. मंगलनं हातातलं काम टाकून उचलला.

"अगं मंगल, ती हिरव्या साडीतली बाई. मला मागाहून वाटलं, तुझी कोणी नातेवाईक तर नव्हती? असली तर सांगायचं ना सरळ. चहा करून द्यायचा तिला. मी काय खाणार होते का तुला?"

मंगल भिंतीला टेकली. म्हणजे नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं! तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. मैत्रीण हाय मॅडम, ल्हानपणापास्नंची, एवढं अजूनही म्हणता आलं असतं. पण मग तेव्हा खोटं का बोललीस, हे आलंच. खोटं बोलणाऱ्या बाईच्या हाती कोण बंगला ठेवील? आणि तिला ती रस्त्यावरची पेटी दिसायला लागली.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "कामाचीच हुती."

"बरं झालं मग. छान झाडते गं. या शनिवारी वीस गेस्ट आहेत, तिलाच बोलव."

मंगलनं पदरानं तोंड पुसलं.

"न्हाई मॅडम. ती आता न्हाई यायची."