पिन तिसऱ्या दिवशी मिळेल

मिस्त्रीचा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाला माप ओतायला लागला की हा आधी त्याच्या तोंडाकडे बघायचा आणि मग दुधाकडे. त्याची बायको म्हणायची, "बाकीच्यांच्या मनात शंकेची एखादी पाल चुकचुकते. आमच्या घरच्यांच्या मनात पालींचं अख्खं खटलं नांदतंय, लेकीसुनांसकट."

धंदाही त्याला तसाच मिळाला होता. तो बंदुका दुरुस्त करायचा. सरकारी कचेरीच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं, इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकानं पायरीवर थांबायचं. भिंतीवर लाकडी खाचांत बंदुका उभ्या असायच्या आणि प्रत्येकीच्या चापाला दोऱ्यानं मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली असायची. समोर काचेत परवाना लावलेला, आणि त्याच्या शेजारी पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलेलं, 'पिन तिसऱ्या दिवशी मिळेल.'

बंदुकीच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक पिन असते. चाप ओढला की घोडा पिनवर आपटतो, पिन काडतुसावर, आणि मग पुढचं सगळं होतं. पिन काढून घेतली तर बंदूक म्हणजे नुसती जड काठी. मिस्त्री दुरुस्ती झाली की बंदूक लगेच द्यायचा, पण पिन काडेपेटीत घालून खणात ठेवायचा. ती न्यायला माणसानं तीन दिवसांनी परत यायचं.

असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. तरुणपणी एकदा एक माणूस घाईघाईनं बंदूक घेऊन गेला होता. उचलताना त्याचे हात थरथरत होते, ते मिस्त्रीनं पाहिलं आणि गप्प बसला. संध्याकाळी त्या माणसाच्या घरातून दोन प्रेतं निघाली. तेव्हापासून ही तीन दिवसांची रीत. राग असो की दुःख, तीन दिवसांत माणूस एकदा तरी झोपतो, एकदा तरी जेवतो, असा त्याचा हिशेब. गिऱ्हाइकं चिडायची, वकिलाची भीती घालायची. मिस्त्री म्हणायचा, मग दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणजे कुठे, तर पंचक्रोशीत दुसरा मिस्त्रीच नव्हता.

अशा माणसाच्या दारात सरकारनं नवीन वही पाठवली. बंदूक कुणाची, नंबर काय, इथवर ठीक होतं. पण पुढे मालकाच्या घरात कोण कोण राहतं, भांडणं होतात का, पितो का, आणि शेवटी एक रुंद रकाना, 'संशयास्पद व्यक्ती'. दर महिन्याला कचेरीतला तपासनीस येऊन वही बघणार. मिस्त्री म्हणाला, "आज बंदूक विचारतात, उद्या उशीखाली काय आहे ते विचारतील. बोट दिलं की मनगट धरणारी जात आहे ही."

बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "आणि तुम्ही काय वेगळं करता हो? बंदूक घेऊन आलेल्याच्या सासूपर्यंत चौकशी करता की."

"मी करतो आणि विसरतो," मिस्त्री म्हणाला. "कचेरी विसरत नाही."

ते खोटं नव्हतं. त्यांच्याच आळीतल्या सुतारानं कधीतरी चौकात आरडाओरडा केला होता, त्याचं नाव कुठल्याशा यादीत चढलं. सुतार शांत झाला, म्हातारा झाला, नातवंडं झाली. तरी कुठलाही दाखला काढायला गेला की खिडकीतला कारकून आधी कागदाकडे आणि मग त्याच्याकडे बघायचा. म्हणून मिस्त्री त्या रकान्यात दर महिन्याला लिहायचा, 'कोणी नाही.'

तपासनीसही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. किडकिडीत माणूस, चष्मा कपाळावर, बोलणं हळू. एकदा म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला स्वतःच्या सावलीचा संशय येतो असं ऐकलंय. आणि वहीत आठ महिन्यांत एक नाव नाही?"

मिस्त्री म्हणाला, "साहेब, संशय माझ्या घरचा आहे. तुमच्या दप्तरात गेला की त्याचा पुरावा होतो."

तपासनीस हसला. कचेरीतला माणूस हसला की मिस्त्रीची झोप उडायची.

आणि मग एका सोमवारी मिस्त्रीचा धाकटा भाऊ एकनळी बंदूक घेऊन दुकानात आला.

धाकटा गावाबाहेरच्या रस्त्याला एकटा राहायचा. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. मूलबाळ नव्हतं, कोंबड्या पाळल्या होत्या. म्हणाला, कोल्हा यायला लागलाय, आणि बंदूक कधी उडते कधी उडत नाही, बघ जरा. एवढं बोलून, चहालाही न थांबता गेला. इतकी वर्षं बंदूक कपाटात पडून होती, आणि कोल्हा आत्ताच कुठून उगवला? मिस्त्रीच्या मनातलं खटलं जागं झालं.

त्यानं बंदूक उघडली. घोडा साफ, चाप साफ, पिन कालच बसवल्यासारखी. मंगळवारी पुन्हा सगळी खोलून पाहिली. बिघाडाचं नाव नाही. दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि धाकट्याच्या घराकडे निघाला.

धाकटा बाहेर गेला होता. खुराड्याचं दार सताड उघडं. पाण्याचं भांडं कोरडं आणि कोपऱ्यात कोळ्यानं जाळं विणलेलं. पिसं नाहीत, रक्त नाही, कोंबडीही नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, भाऊजींनी सगळ्या मलाच देऊन टाकल्या की, पंधरा दिवस झाले.

मिस्त्रीनं चौकटीवरची किल्ली काढून घर उघडलं आणि दारातच थबकला. ज्यानं जन्मात स्वतःचा टॉवेल उचलून ठेवला नाही, त्याचं घर आरशासारखं लखलखत होतं. भांडी पालथी घातलेली. टेबलावर कागदांचा गठ्ठा दोरीनं बांधलेला, त्यावर किल्ल्यांचा जुडगा आणि चिठ्ठी, 'वहिनीकडे देणे.' जन्मभर मिस्त्रीनं लोकांवर फुकटचे संशय घेतले. हा एक तरी खोटा निघू दे, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"लिहा त्याचं नाव वहीत," ती म्हणाली. "गुरुवारी साहेब येतोच आहे. बंदूक जप्त करतील, सुटलो."

"बंदूक जप्त करतील, आणि दोन शिपाई त्याच्या दारात उभे करतील. चार जणांसमोर विचारतील, तुम्हाला जगायचं नाही का. अगं, तो काठावर उभा आहे. त्याला एवढा धक्का पुरे."

"आणि नाही लिहिलंत तर?"

मिस्त्री तसाच भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

गुरुवारी सकाळी धाकटा आला. स्टुलावर बसला, दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे. मिस्त्रीनं बंदुकीला हातही लावला नाही.

"कोल्हा सापडला का?" त्यानं विचारलं.

धाकटा शर्टाच्या बाहीची इस्त्री चाचपत राहिला.

"खुराड्यात कोळी राहतोय. तुझा कोल्हा कोळी खातो का रे?"

धाकट्यानं वर पाहिलं, मग परवान्याशेजारच्या पुठ्ठ्याकडे. "दादा, बंदुकीत बिघाड नाही."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं."

"आधी मी कचेरीत गेलो होतो," धाकटा म्हणाला. "म्हटलं, ही ठेवून घ्या. त्यांनी फॉर्म दिला. त्यात लिहिलेलं, शस्त्र जमा करण्याचं कारण. मागे रांग लागलेली. पेन धरून उभा राहिलो मी. काय लिहू, सांग ना?" त्यानं पुठ्ठ्याकडे बोट केलं. "मग तुझी पाटी आठवली. दोन दिवस दुरुस्तीचे, तीन पिनचे. म्हटलं, पाच दिवस तरी ती उडणार नाही."

मिस्त्रीला वाटलं होतं आपण भावावर पाळत ठेवतोय, आणि भाऊ तर स्वतःच्या पायानं त्याच्या पाळतीत येऊन बसला होता. त्यानं बंदूक खोलून पिन काढली, काडेपेटीत घातली आणि काडेपेटी खणात न ठेवता स्वतःच्या खिशात टाकली.

"बिघाड मोठा आहे," तो म्हणाला. "वेळ लागेल."

"किती?"

"घाई करणारं गिऱ्हाईक मला चालत नाही. रोज येऊन विचारत जा. आणि आत्ता घरी चल, तुझी वहिनी वाट बघतेय."

वहिनीनं त्याला एक अक्षर विचारलं नाही. स्वतः जाऊन त्याचं घर बंद करून आली, ती चिठ्ठी चुलीत घातली, आणि संध्याकाळी त्यानं टॉवेल खुर्चीवर टाकला तेव्हा त्याला सणसणीत बोलली. तो ऐकून घेत हसला. डॉक्टरकडेही तिनंच नेलं, आपले गुडघे दाखवायचे आहेत म्हणून.

त्याच गुरुवारी दुपारी तपासनीस आला. वही चाळली, भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, धाकट्याची एकनळी उतरवून उघडून पाहिली.

"पिन कुठे आहे?"

"काढलीय. तपासायची आहे."

"भावाची ना?" तपासनीसानं चष्मा खाली घेतला. "नव्वद दिवसांवर दुसऱ्याचं शस्त्र ठेवता येत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे साहेब."

वही पुढे सरकली. मिस्त्रीनं पेन उचललं. इतके महिने झपकन लिहिलेले दोन शब्द लिहायला त्याला आज फार वेळ लागला. पण लिहिले तेच, 'कोणी नाही.' काडेपेटी खिशात छातीला टोचत होती.

नव्वदाव्या दिवशी धाकट्यानं बंदूक सही करून ताब्यात घेतली, पायरी उतरला, पायरी चढला आणि म्हणाला, "दादा, कधी उडते, कधी उडत नाही." मिस्त्रीनं नवी चिठ्ठी बांधली, वहीत नवी नोंद केली. धाकट्याच्या हातात पिशवी होती, शेजारणीकडून परत आणलेल्या दोन कोंबड्यांची. एकीनं दुकानभर घाण केली.

पुढच्या भेटीत तपासनीसानं दोन्ही नोंदी पाहिल्या. एकाच दिवशी बंदूक गेली आणि त्याच दिवशी आली. त्यानं बोट त्या ओळीवर ठेवलं, आणि मग काही न विचारता खाली सही केली.

मिस्त्री घरी येऊन बायकोला म्हणाला, "त्यानं सही केली. काही विचारलं नाही. यात नक्की काहीतरी आहे."

"असू दे," बायको म्हणाली. "त्याच्याही घरी कुणी असेल."

मिस्त्रीला ते पटलं नाही. तरी पुढच्या महिन्यात तपासनीस आला, तेव्हा त्यानं आपलं स्टूल पुसून त्याला बसायला दिलं.