घरी पण ऐकत नाही, साहेब

“तुझ्या सुनेला आता मास्टर्स करायचंय म्हणे. मग बेडपॅन कोण उचलणार? तू?”

धाकटे डॉक्टर असं म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो.

उल्हासनगरचं ते खाजगी हॉस्पिटल. खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी तिथे यंत्रांची आणि हत्यारांची पूजा असते. एक्स-रेच्या मशीनला झेंडूचा हार, ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे पाटावर मांडलेले, वर हळद-कुंकू. जुन्या निवृत्त माणसांना पेढे घ्यायला बोलावतात. मी तिथे आयुष्यभर ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. निवृत्तीनंतरही दर वर्षी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बदलापूरहून जायचो. जाऊन ट्रे घासून द्यायचो. पूजा सुरू झाली की आपणहून दाराशी जाऊन उभा राहायचो. आता मला कोणी तसं सांगत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांच्या काळात एकदाच सांगितलं होतं. ते मला जन्मभर पुरलं.

मोठे डॉक्टर वारले. आता त्यांचा मुलगा सगळं बघतो. त्याचं दप्तर धरून मी त्याला शाळेच्या बसपर्यंत सोडलेलं आहे. तो मला तू म्हणतो. मी त्याला साहेब.

माझी सून सुजाता त्याच हॉस्पिटलात स्टाफ नर्स. त्या वेळी ती चार हातांवर होती, सगळं ऐकत होती. तिने त्याच आठवड्यात रविवारची सुट्टी बांधून मागितली होती. तिचा ऑनलाइन वर्ग असायचा म्हणून.

“काका, बहू को डॉक्टर बनाओगे क्या?” शेजारचा मेडिकलवाला शेठ पेढा खात म्हणाला. पुन्हा हसणं.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, “घरी तरी ऐकते का?”

मी म्हणालो, “घरी पण ऐकत नाही, साहेब.”

हे खोटं होतं. मला कोणी धमकावलं नव्हतं. माझ्या घशावर कोणी पाय ठेवला नव्हता. साहेबांना काय ऐकायला आवडेल ते मला ठाऊक होतं आणि तोंडातून ते आपोआप आलं. सुजाताने माझ्याकडे एकदा बघितलं. मग ती वॉर्डात निघून गेली.

हॉस्पिटलात अजून सांगतात, सुजाता सिस्टर उद्धट होती, तिच्या सासऱ्यानेच तसं सांगितलं. म्हणून हे लिहितोय. आता अंगात जोर नाही, बोटं दुखतात. पण हे माझ्यामागे तसंच राहिलं तर ते खरं होऊन बसेल.

माझ्या बापाने छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले देव पाण्यात सोडले. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाला आणि गाव सोडून शहाडला कारखान्यात लागला. आम्हा भावंडांना त्याने एकच शिकवलं, कोणापुढे वाकायचं नाही. बापाने एका दिवसात जे टाकलं, ते मी नोकरीत हळूहळू पुन्हा उचललं. आधी दाराशी उभं राहणं. मग खाली बघून बोलणं. मग साहेब हसले की हसणं. पांढऱ्या कपड्यात होतो, म्हणून ते वाकणं कोणाला वाकणं वाटलं नाही. मलाही नाही.

सुजाता काय शिकत होती ते सांगतो. जो आजार बरा होणार नाही, त्या माणसाची शेवटपर्यंत काळजी कशी घ्यायची, याचं शिक्षण. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. नर्स, फिजिओथेरपीवाले, समाजसेवेतली माणसं, सगळ्यांसाठी. नोकरी सांभाळून करता येतं. धडे मोबाइलवर येतात, जमेल तेव्हा बघायचे. फक्त रविवारी ठरल्या वेळी ऑनलाइन वर्ग. अट एकच. माणूस रुग्णसेवेच्या नोकरीत पाहिजे आणि प्रत्येक सत्राला तिथल्या प्रमुखाने तसं कळवलं पाहिजे. नोकरी गेली की जागा गेली.

म्हणजे तिच्या शिक्षणाची किल्ली डॉक्टरांच्या खिशात होती. हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते वाक्य बोललो.

आमचं घर हेंद्रेपाड्यात, दोन खोल्या. ओट्यावर तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून ती धडा ऐकत भाकऱ्या थापायची. मध्येच हात धुऊन व्हिडिओ मागे न्यायची. माझी साखर तपासायची, माझं इन्सुलिन द्यायची, आणि परत ओट्याशी. मला काही लागलं तर दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही. अशा बाईबद्दल मी बोललो की ऐकत नाही.

खंडेनवमीनंतर स्टाफच्या मीटिंगमध्ये डॉक्टर म्हणाले, “सुजाता सिस्टरचा प्रॉब्लेम फक्त इथेच नाहीये. सासरे स्वतः सांगून गेलेत.” आणि तिला सगळ्या रविवारी ड्यूटी लावली. हे मला तिने सांगितलं नाही. वॉर्डातल्या आयाबाई, मंदामावशी, बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “काका, तुम्ही असं कसं बोललात? पोरगी बाथरूममध्ये जाऊन रडली.”

घरी आलो. तिला काही बोललो नाही. उलट आठवडाभराने म्हणालो, “सोड ना ते शिक्षण. जिवाला त्रास.” माझा मुलगा अंबरनाथला कंपनीत आहे, दमून येतो, तोही म्हणाला, “बाबा बरोबर बोलतायत.” ती भांडी घासत होती. घासत राहिली.

रविवारचे वर्ग बुडायला लागले. शिकवणाऱ्या बाईंना तिने अडचण कळवली. त्या म्हणाल्या, ठीक आहे, एक परीक्षा तू घरून रेकॉर्ड करून पाठव. परीक्षा अशी होती की रुग्णाशी बोलायचं. नुसतं बोलायचं. खरा रुग्ण चालत नाही, म्हणून घरातल्या कोणीतरी रुग्ण व्हायचं. मुलगा म्हणाला, मला हसू येईल. राहिलो मी.

दुपारची जेवणं झाली होती. तिने मोबाइल कपाटावर उभा केला. मला सांगितलं, “बाबा, तुम्ही एक म्हातारे गृहस्थ आहात. पोटाचा कॅन्सर आहे. बरा होणार नाही हे तुम्हाला कळलंय, पण घरी कोणाला सांगितलेलं नाही. मी नर्स. मी विचारेन, तुम्ही त्या माणसासारखी उत्तरं द्यायची. मी तुम्हाला काका म्हणेन, कन्फ्यूज होऊ नका.”

“कॅन्सरवाल्यासारखं कण्हू का?”

“नको. सिनेमा नाहीये.”

ती स्टूल ओढून माझ्या समोर बसली. तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत आले. तसंच बसायचं असतं, ती नंतर म्हणाली. रुग्णाच्या उशाशी उभं राहून बोलायचं नाही, प्रश्न विचारल्यावर घाई करायची नाही, गप्प राहायचं. मी आयुष्यभर डॉक्टरांना उभ्याने बोलताना बघितलं. मी स्वतः त्यांच्यापुढे उभा. आमच्या सगळ्या बोलण्यात कोणी ना कोणी वर असायचं, कोणी खाली.

“काका, दुखतंय का आज?”

“थोडं.”

“झोप लागते?”

“नाही लागत.”

“काय येतं मनात, झोप नाही लागली की?”

मी गप्प. मला वाटलं ती पुढचा प्रश्न विचारेल. तिने विचारला नाही. पंखा फिरत होता. खाली गॅसवाल्याने सिलिंडर आपटला. ती माझ्याकडे बघत बसली. त्या बघण्यात राग नव्हता, घाई नव्हती. असं माझ्याकडे कोणी बघितल्याचं मला आठवत नाही.

“माझी एक सून आहे,” मी म्हणालो.

“हं.”

“तिच्याबद्दल मी खोटं बोललो. चारचौघांत. साहेबाला बरं वाटावं म्हणून.”

तिचा चेहरा हलला. पण ती उठली नाही. मोबाइल बंद केला नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, “मग आता तुम्हाला काय करावंसं वाटतं, काका?”

सत्तरी ओलांडली मी. काय कर, हे मला सगळ्यांनी सांगितलं. काय करावंसं वाटतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाचं रडणं वाईट दिसतं, नाकातोंडातून येतं. तिने पदर पुढे केला नाही, गप्प बस म्हणाली नाही. थांबली.

मग उठून मोबाइल बंद केला.

“हे मी पाठवू शकत नाही, बाबा.”

“पाठव. खरं आहे ते.”

“तेच तर. खरा रुग्ण चालत नाही.” मग नाक पुसून म्हणाली, “चहा टाकते. परत करू. या वेळी कॅन्सरच ठेवा.”

परत केलं. ते पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागोमाग हॉस्पिटलात गेलो. तिला सांगितलं नव्हतं. सकाळी रिसेप्शनच्या मागच्या खोलीत स्टाफ जमतो, डॉक्टर त्या दिवसाची कामं सांगतात. मी आत गेलो. दाराशी थांबलो नाही.

“काय रे? औषध पाहिजे का?”

“नाही. बोलायचंय. खंडेनवमीला मी सांगितलं, सून घरी ऐकत नाही. ते खोटं होतं. ती घर बघते, मला बघते, तुमचे पेशंट बघते. मी तुम्हाला खूश करायला बोललो. तुम्ही ते मीटिंगमध्ये वापरलं. ते काढून टाका.”

मंदामावशी खाली फरशीकडे बघत होत्या. सुजाता भिंतीला टेकली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “तुझं वय झालंय. घरी जा. माझ्या बाबांनी तुला माणसात आणलं, विसरू नकोस.”

“तुमच्या वडिलांनी नोकरी दिली. मी काम केलं. माणसात मला माझ्या बापाने आणलं.”

हे बोलताना माझा आवाज चिरकला. नंतर लोक म्हणाले, काका कडक बोलले. कडक वगैरे काही नव्हतं. भिंतीचा आधार घेतला होता मी.

“आणि मला अहो म्हणा,” मी म्हणालो. “मोठा आहे मी तुमच्यापेक्षा.”

डॉक्टर माझ्याकडून वळले. सुजाताला म्हणाले, “सिस्टर, यांना घेऊन जा. तुम्हीही उद्यापासून येऊ नका.”

रस्त्यावर आल्यावर मला वाटलं ती माझा हात धरेल. तिने धरला नाही.

“मला विचारलं असतंत तर?” ती म्हणाली. “मी आधी दुसरी नोकरी बघून ठेवली असती. तुमचं मन हलकं झालं, बाबा. माझी जागा गेली.”

दोन्ही वेळा मी तिला न विचारताच तिच्याबद्दल बोललो. एकदा तिच्याविरुद्ध, एकदा तिच्या बाजूने. मुलगा माझ्याशी महिनाभर बोलला नाही. बरोबर होतं त्याचं.

विद्यापीठाने तिला सत्र संपेपर्यंत मुदत दिली. तोवर दुसरीकडे काम मिळालं आणि तिथल्या प्रमुखाने कळवलं तर जागा राहील. खरवईत एक वृद्धाश्रम आहे, अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवतात. तिथे ती आता जाते. पगार कमी. तिथल्या बाई म्हणतात, आधी काम बघू, मग कळवू. अजून कळवलेलं नाही. मुदत संपत आलीय.

मागच्या आठवड्यात मंदामावशी घरी आल्या. दम खात जिना चढल्या. पाणी प्यायल्या.

“काका, साहेबांचा निरोप आहे. मीटिंगमध्ये येऊन सॉरी बोला. बस. सुजाताला परत घेतो बोलले, आणि तिच्या कॉलेजला पण लगेच कळवतो बोलले. दोन मिनिटांचं काम आहे हो. तुम्हाला काय, आत्तापर्यंत काय कमी हात जोडलेत?”

त्या माउलीने मला दुखवायला म्हटलं नव्हतं. खरंच म्हणत होत्या.

मला मोह झाला, हे लिहायलाच पाहिजे. जाऊन हात जोडले असते तर माझं काय झिजणार होतं? पोरीचं वर्ष वाचलं असतं. तोंडाशी हो आलं होतं. पण या वेळी मी आधी वळून विचारलं. “सुजाता, तू सांग. तू म्हणशील ते.”

ती आतून हात पुसत आली. मावशींच्या शेजारी बसली.

“मावशी, बाबांनी माफी मागितली की ते ‘घरी ऐकत नाही’ खरं ठरलं ना? मग तिथे मी रोज कोण म्हणून जाऊ?”

“तुझं शिक्षण गं.”

“शिक्षणाला त्यांची सही लागते. मला नाही लागत.” मग म्हणाली, “जागा गेली तर पुढच्या वर्षी परत पहिल्या धड्यापासून. वैतागेन. पण करेन.”

ती बोलत असताना तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती. ती दमलेली आहे. मीही. हे सगळं लवकर संपणारं नाही आणि माझ्या डोळ्यांदेखत संपेलच असंही नाही. ओट्याचं काम आता मी शिकलोय. रविवारी तिचा वर्ग असतो तेव्हा भात मी लावतो. कधी करपतो. इन्सुलिन माझं मी घेतो. तिचा तेवढाच वेळ वाचतो.

मंदामावशी निघाल्या तेव्हा मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

“मग काय सांगू साहेबांना?”

“सांगा, येणार नाही. आज नाही, मरेपर्यंत नाही. आणि मावशी, पुन्हा निरोप घेऊन आलात तर चहा मिळेल. उत्तर हेच मिळेल.”